गाळणीची समता: जावास्क्रिप्टमधील तक्ताशोधाची एक चिकित्सा

१

संगणकाच्या पडद्यावर एखादा तक्ता मांडावा, त्याच्या माथ्यावर शोधासाठी एक रिकामी चौकट ठेवावी, आणि वाचकाने तीत दोन अक्षरे लिहिताच नको असलेल्या ओळी दिसेनाशा होऊन हव्या तेवढ्याच उराव्यात, ही सोय आज इतकी सार्वत्रिक झाली आहे की तिच्यामागे विचार करण्याजोगे काही आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ही रचना पहिल्या काही आठवड्यांतच घडून जाते आणि ती चालली की तो पुढील पाठाकडे वळतो. प्रस्तुत लेखात या साध्या दिसणाऱ्या क्रियेचे परीक्षण करावयाचे आहे. असा विषय मराठीच्या अभ्यासकांपुढे का मांडावा, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल. तक्त्याची गाळणी प्रत्येक ओळीपाशी एक निर्णय देत असते: वाचकाने लिहिलेले आणि ओळीत लिहिलेले ही दोन लेखने एकच मानावयाची की भिन्न? हा समतेचा प्रश्न आहे, आणि मराठीपुरता तो भाषाशास्त्राचा व लेखनपरंपरेचा प्रश्न आहे. प्रचलित गाळण्या तो न विचारताच सोडवतात. त्यामुळे एखादी नोंद तक्त्यात असूनही ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळते. आणि न सापडणे व नसणे यांतील भेद वाचकाच्या दृष्टीने पुसला जातो.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक लहानसा, सर्वांस परिचित असा तक्ता पुढे ठेवू. मुंबई उपनगर जिल्ह्यात विधानसभेचे २६ मतदारसंघ असून त्यांचे क्रमांक १५२ ते १७७ असे आहेत. १५२ बोरिवली, १५५ मुलुंड, १६५ अंधेरी पश्चिम, १६६ अंधेरी पूर्व, १६९ घाटकोपर पश्चिम, १७० घाटकोपर पूर्व, याप्रमाणे क्रमांक व नाव अशा दोन रकान्यांचा हा तक्ता आहे, असे समजू. तक्ता एवढा लहान आहे की प्रत्येक उत्तर वाचकाला बोटांवर मोजून पडताळून पाहता येईल.

२

गाळण्यापूर्वी माहिती मिळवावी लागते. ती मिळवण्याचे प्रचलित मार्ग दोन. पहिल्या मार्गात पडद्यावर मांडलेला तक्ताच आधार धरतात: त्याच्या ओळी घ्यावयाच्या, प्रत्येक ओळीतील खण घ्यावयाचे, खणातील मजकूर वाचावयाचा आणि तो जुळला नाही तर ती ओळ लपवावयाची. दुसऱ्या मार्गात सर्व्हरकडून आलेली मूळ यादी स्मृतीत ठेवतात, गाळणी त्या यादीवर चालवतात, आणि पडद्यावरचा तक्ता हे त्या यादीचे केवळ दर्शन मानतात.

पहिला मार्ग सोपा असल्यामुळे नवशिक्याला प्रिय असतो. परंतु पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर तो मूळ पोथी बाजूस ठेवून तिच्या एका अर्धवट नकलेवरून पाठ ठरवण्याचा मार्ग आहे. पडद्यावर एका वेळी दहाच ओळी दाखवण्याची पद्धत रूढ आहे. आपल्या तक्त्यास ती लावली तर पहिल्या पानावर १५२ ते १६१ हे क्रमांक येतील. आता बोरिवली किंवा मुलुंड शोधणाऱ्यास आपली ओळ मिळेल. अंधेरी किंवा घाटकोपर शोधणाऱ्यास मात्र ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर मिळेल, कारण त्यांचे चारही मतदारसंघ दुसऱ्या पानावर आहेत आणि दुसरे पान अद्याप मांडलेलेच नाही. गाळणीने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही. तिला जेवढे दाखवले त्यात अंधेरी नव्हतीच. दोष तिला काय दाखवले यात आहे.

दुसऱ्या मार्गातही एक खाच आहे. जावास्क्रिप्टमधील ‘फिल्टर’ ही क्रिया २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीपासून भाषेचा अधिकृत भाग आहे, आणि तिचा एक गुण विशेष उल्लेखनीय आहे: मूळ यादीला हात न लावता ती निवडलेल्या नोंदींची एक नवी यादी देते. संपादकाने मूळ पोथीवर खाडाखोड न करता निराळ्या कागदावर पाठ उतरावा, तसेच हे आहे. परंतु ही नवी यादी मूळ यादीच्याच नावावर चढवण्याची चूक वारंवार होते. मग वाचकाने ‘अंधेरी’ लिहिले की दोन ओळी उरतात, आणि त्याने शब्द पुसून टाकला तरी दोनच उरतात. बाकीच्या चोवीस ओळी परत आणण्यास काही साधनच शिल्लक राहिलेले नसते.

यादी फार मोठी असेल तर ती सबंध ब्राउझरकडे पाठवणे अव्यवहार्य असते. आणि ती मतदारांच्या नावापत्त्यांसारखी असेल तर अनुचितही. अशा वेळी प्रत्येक शोध सर्व्हरकडे जातो. तेथे उत्तरे ज्या क्रमाने मागितली त्याच क्रमाने परत येतील असा भरवसा नसतो. वाचक आधी ‘अं’ लिहितो, मग ‘अंधेरी’. पहिल्या प्रश्नाचे मोठे उत्तर मागाहून पोहोचते आणि दुसऱ्याच्या अचूक उत्तरावर जाऊन बसते. चौकटीत एक शब्द आणि तक्त्यात दुसऱ्याच शब्दाचे उत्तर, अशी विसंगती मग उभी राहते. शेवटच्या प्रश्नाचेच उत्तर ग्राह्य धरावयाचे, हा नियम पाळण्यास दोनचार ओळी पुरतात. पण तो पाळावा लागतो हे आधी ध्यानात यावे लागते.

३

हे झाले मिळवण्याविषयी. मुख्य प्रश्न गाळण्याचा. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी आयबीएममध्ये काम करीत असताना माहितीच्या संबंधात्मक रचनेचा निबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून तक्त्यातून ओळी निवडण्याच्या क्रियेस पक्का गणिती पाया मिळाला. त्या मांडणीत प्रत्येक रकान्यास मूल्यांचा एक ठरावीक संच असतो, आणि त्या संचातील दोन मूल्ये समान केव्हा हे आधीच निश्चित असते. संख्यांच्या बाबतीत हे गृहीत निर्धोक आहे. विशेषनामांच्या बाबतीत, त्यातही मराठी विशेषनामांच्या बाबतीत, ते तसे नाही. वेबवरील गाळणीने कॉडची निवड उसनी घेतली; समता मात्र ठरवली नाही, अक्षरसंकेतांवर सोडून दिली.

जावास्क्रिप्टमधील नेहमीची कसोटी ‘इन्क्लूड्स’ ही आहे: ओळीतील मजकुरात शोधलेल्या मजकुराचे संकेत त्याच क्रमाने सलग आढळतात का, एवढेच ती पाहते. आपल्या तक्त्यावर ती लावून पाहू. ‘पूर्व’ लिहिले की जोगेश्वरी, कांदिवली, अंधेरी, घाटकोपर आणि वांद्रे अशा पाच ओळी येतात. ‘पश्चिम’ लिहिले की भांडुप, मालाड, अंधेरी, घाटकोपर आणि वांद्रे अशा पाच. येथवर सारे यथास्थित. आता ‘गोरेगांव’ असे अनुस्वार देऊन लिहावे. तक्त्यात ‘गोरेगाव’ असेल तर उत्तर शून्य. ‘बोरीवली’ असे दीर्घ लिहावे. तक्त्यात ऱ्हस्व असेल तर उत्तर शून्य. ‘विले पार्ले’ असे तोडून लिहावे. तक्त्यात ‘विलेपार्ले’ असेल तर शून्य. ‘शिवाजी नगर’ तोडले, शून्य. ‘घाटकोपर (पूर्व)’ असे कंसात लिहिले, शून्य.

यांपैकी एकही लेखन अडाणीपणाचे नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले. तोवर ‘नांव’ आणि ‘गांव’ हेच शिष्ट लेखन होते. ज्या गृहस्थाने शाळेत ‘गांव’ गिरवले, ज्याच्या घराच्या जुन्या कागदपत्रांत ‘गोरेगांव’ आहे, त्याने चौकटीत तेच लिहिले तर तो आपल्या शिक्षणाशी प्रामाणिक राहिला इतकेच. एका भाषेच्या दोन लेखनपिढ्या एकाच वेळी हयात आहेत. गाळणीला त्यांपैकी एकच ठाऊक आहे, आणि ती कोणती हे तक्ता भरणाऱ्या कारकुनाने ठरवलेले असते. रोमन लिपीतही बोरिवलीच्या नावात ‘व’नंतरचा ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. तेव्हा लिपी बदलून हा प्रश्न सुटत नाही.

गाळणी जसे हवे ते नाकारते, तसे नको ते स्वीकारतेही. ‘मरोळ’मधील ‘रोळ’ एवढेच आठवून कोणी लिहिले, तर आपल्या तक्त्यातून विक्रोळी पुढे येते. कारण ‘क्र’ हे जोडाक्षर संकेतांत क, हलन्त आणि र असे सुटे लिहिलेले असते आणि त्यातील र पुढच्या ‘ओ’काराशी व ‘ळ’शी सलग असतो. वर्सोवा शोधणाऱ्याने पहिली दोन अक्षरे ‘वर’ लिहिली की वर्सोव्याबरोबर जोगेश्वरीही येते. त्याच न्यायाने ‘राम’ हा शब्द ‘ग्राम’ या शब्दात सापडतो. मराठी वाचक अक्षर वाचतो. ही कसोटी अक्षराच्या आतल्या तुकड्यांवर चालते.

अंकांची गत याहून बिकट आहे. देवनागरी ‘१६५’ हा मजकूर जावास्क्रिप्टला संख्येत रूपांतरित करण्यास सांगितला तर ‘संख्या नव्हे’ असे मूल्य हाती येते, आणि त्या मूल्याशी केलेली लहानमोठेपणाची कोणतीही तुलना असत्यच ठरते. म्हणून १६० च्या पुढचे मतदारसंघ मागणाऱ्यास, क्रमांकाचा रकाना देवनागरीत असेल तर, एकही ओळ मिळत नाही. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. तक्ता फक्त रिकामा होतो.

४

येथवर सांगितलेले भेद निदान डोळ्यांना दिसतात. काही भेद मात्र डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावामागे लागणारे रूप घ्या. त्याचा पहिला वर्ण ‘अ’ला वेगळी चंद्रखूण जोडून लिहिता येतो, किंवा एकसंध ‘ॲ’ म्हणूनही लिहिता येतो; या एकसंध वर्णास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात, संकेतांत ती भिन्न आहेत. तिसरे रूप ‘ऍ’; ते डोळ्यांना निराळे दिसते, पण मराठी वाचक त्याचा उच्चार तोच करतो. तसेच ‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र. तो खास मराठी ‘ऱ’ वापरून लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त व एक अदृश्य जोडखूण लावूनही लिहिता येतो. आकृती एक, संकेत दोन.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून ‘नॉर्मलाइझ’ ही क्रिया आहे, आणि ती वापरली की सारे भेद मिटतात असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. र आणि नुक्ता असे सुटे लिहिलेले रूप ती एकसंध ‘ऱ’शी जुळवते. परंतु ‘अ’ व चंद्रखूण यांची जोडी ती ‘ॲ’शी जुळवत नाही, अदृश्य जोडखुणेचा अर्धा र ती ‘ऱ’शी जुळवत नाही, ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार यांच्याशी तर तिचा संबंधच नाही. युनिकोडने जे समान मानले तेवढेच ती समान करते, आणि युनिकोडची देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतलेली, अनेक भाषांसाठी सामायिक अशी आहे. मराठीला काय समान वाटते, हे सांगण्याचे काम मराठीचेच राहते.

या संदर्भात उपनगरांची एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पवईला आयआयटी १९५८ साली स्थापन झाली; अंधेरीस निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे सीप्झ हे क्षेत्र १९७३ साली उभे राहिले; पुढे संगणकाच्या व्यवसायाने याच पट्ट्यात बस्तान बसवले. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचणारे र. कृ. जोशी हे पवईच्याच औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक होते. अक्षर पडद्यावर कसे दिसावे, या प्रश्नाचा असा कसून विचार येथे झाला. दिसणारे अक्षर शोधावे कसे, हा प्रश्न मात्र त्या तोडीने विचारला गेलेला दिसत नाही. आणि ज्या पट्ट्यात गाळण्या लिहिणारे हात इतके आहेत, तेथील गावांची नावेच गाळणीत अडकतात.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वाचकाने शुद्ध लिहावे. यंत्राने त्याच्या चुका का पोसाव्यात? याचे उत्तर वर आलेच आहे: पुष्कळ भेद चुका नसून पाठभेद आहेत. शिवाय अदृश्य जोडखूण शुद्ध की अशुद्ध हे वाचक कसे ठरवणार? तो जी लेखनपद्धती वापरतो, ती त्याच्या वतीने हे परस्पर ठरवून मोकळी होते.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मतदारसंघांसारखी नावे मोजकी व ठरलेली असतील तर शोधचौकट ठेवूच नये, यादीतून निवड करू द्यावी. हे मान्य केले पाहिजे. जेथे नावांचा संच बंद आहे तेथे निवडसूचीच योग्य होय. परंतु माणसांची नावे, इमारतींची नावे, जुन्या दस्तांतील गल्ल्यांची नावे हा बंद संच नव्हे; आणि शोधाची खरी निकड तेथेच असते.

मग करावे काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादकत्व विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ साली स्वीकारले, आणि १९६६ साली ते कार्य पूर्णत्वास गेले. त्या आवृत्तीची शिस्त येथे उपयोगी पडेल. तेथे पाठभेद नष्ट केले नाहीत. निवडलेला पाठ वर व भेद खाली, अशी दोन्हींना जागा दिली. तक्त्यातही मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे आणि प्रत्येक नोंदीशेजारी, वाचकाला न दिसणारे, एक शोधरूप तयार करून ठेवावे. शोधरूप करताना ‘ॲ’ची सर्व रूपे एक करावी, अर्ध्या र ची दोन्ही लेखने एक करावी, देवनागरी अंक व रोमन अंक एक करावे, शब्दांमधील मोकळी जागा व कंस काढावे, ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार शिथिल करावे. वाचकाने लिहिलेल्या मजकुरावरही तोच संस्कार करून मगच तुलना करावी. जुळणी अक्षराच्या मध्येच सुरू होत असेल तर ती मागे ढकलावी. संस्कार दोन्ही बाजूंस सारखा होतो, म्हणून त्या मधल्या रूपाचे लेखन विचित्र दिसले तरी बिघडत नाही. यादी सर्व्हरवर असेल तर हा संस्कार सर्व्हरवरच व्हावा, म्हणजे सारी नावे बाहेर पाठवण्याचा प्रसंग येणार नाही.

या उपायाची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. अनुस्वार पुसला की ‘वंश’ आणि ‘वश’, ‘रंग’ आणि ‘रग’ एक होतात. ऱ्हस्वदीर्घ पुसले की ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक होतात. शब्दकोशाच्या तक्त्यात ही हानी असह्य ठरेल, नावांच्या तक्त्यात ती सोसण्याजोगी आहे. म्हणून शैथिल्याचे प्रमाण तक्त्यागणिक ठरवावे, आणि उत्तरे दोन थरांत द्यावी: तंतोतंत जुळणाऱ्या ओळी आधी, शिथिल कसोटीने जुळणाऱ्या मागाहून, व दोहोंमध्ये स्पष्ट रेघ. संपादकाने आपला अदमास मूळ पाठ म्हणून खपवू नये, तसेच हेही.

आणि रिकामे उत्तर द्यावेच लागले तर ते पूर्ण द्यावे. ‘नोंद आढळली नाही’ या वाक्यात काय शोधले, कशात शोधले आणि कोणत्या कसोटीने शोधले, यांपैकी काहीच नाही. ‘गोरेगांव या लेखनाची ओळ मिळाली नाही, सर्व २६ ओळी तपासल्या, गोरेगाव असे लिहिलेली एक ओळ आहे’ हे उत्तर लांब आहे, पण वाचकाला पुढचे पाऊल टाकता येईल असे आहे.

६

मतदारसंघांच्या तक्त्यात चूक झाली तर कोणाचे फारसे बिघडत नाही; सव्वीस ओळी डोळ्यांखालून घालण्यास अर्धे मिनिट पुरते. परंतु हीच गाळणी लाखो नावांच्या यादीवर बसली की डोळ्यांनी पडताळण्याची वाट बंद होते. कोणतीही एखादी यादी अशीच चालते, असे येथे सुचवावयाचे नाही. धोका मात्र क्रियेच्या स्वरूपातच आहे. मुलुंडच्या एखाद्या वृद्ध बाईने आपले आडनाव शाळेत शिकवले तसे लिहावे, उत्तर शून्य यावे, आणि आपले नाव यादीतून गेले असे समजून तिने घरी बसून राहावे, एवढा अनर्थ एका अनुस्वाराने घडू शकतो. नाव यादीत असते. दोन लेखने एकच आहेत हे सांगणारे कोणी तेथे नसते.

ते सांगण्याचे ज्ञान आपल्या विभागांत आहे. पाठभेदांची वर्गवारी, लेखननियमांचा इतिहास, नावांच्या रूपांची स्थित्यंतरे ही आपली नित्याची अभ्याससामग्री होय. मराठी नावांचे कोणते लेखनभेद समान मानावेत आणि कोणते मानू नयेत, याची एक साधार सूची पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सिद्ध केली, तर गाळणी लिहिणाऱ्यास ती थेट वापरता येईल. तिची सुरुवात उपनगरांतील स्थानकांच्या पाट्या आणि जुन्या दस्तांतील गावांची नावे यांपासून करता येईल. काम लहान आहे. परंतु ते भाषेच्या अभ्यासकांनी केले नाही, तर ते यापुढेही अक्षरसंकेतांच्या तुलनेवरच सोपवले जाईल.